पेन्शनचा रकाना कोरा असलेले सभासद

चार वर्षे पुरी करून गावी परतणाऱ्या अग्निवीराला गावच्या माजी सैनिक संघटनेचा सभासद करून घ्यायचे की नाही, हा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यातल्या फौजी गावांत आता पारावरून सभेत आला आहे. जवानांची चार वर्षांसाठी भरती करणारी अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. लष्कराची पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला उभी राहिली आणि तिची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. योजनेच्या अटींप्रमाणे त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार, बाकीचे घरी येणार. शिरोळ, कागल, गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यात ही मुले कोणा परक्याची नाहीत. कित्येकांच्या घरातले वडील, चुलते, आजोबा संघटनेच्या यादीवर आधीच आहेत. तरी वाद कसा चालला आहे? 'चार वर्षांत कसला फौजी होतो?' असे एक जण म्हणतो. 'सरकारच त्यांना माजी सैनिक मानत नाही, मग आपण कोण लागून गेलो?' असे दुसऱ्याचे म्हणणे. 'त्यांना घेतले म्हणजे ही योजनाच मान्य केली,' अशी तिसऱ्याची भीती. तिघेही अग्निवीराबद्दल तावातावाने बोलतात, आणि ज्या संघटनेत त्याला घ्यायचे ती कशासाठी निघाली, तिने आजवर कोणाची कामे केली, याकडे कोणी वळतही नाही.

माझे मत स्पष्ट आहे. अग्निवीराला पूर्ण सभासद करून घ्यावे, मताच्या आणि निवडणुकीला उभे राहण्याच्या अधिकारासह. त्याच्यावर उपकार म्हणून नव्हे. गावातल्या माजी सैनिकांनी एकत्र येण्याची गरज मुळात निर्माण झाली तीच पेन्शन न मिळालेल्या माणसांमुळे, म्हणून. संघटना म्हणजे पेन्शनरांचा मेळावा ही समजूत गेल्या तीस-चाळीस वर्षांतली आहे आणि ती संघटनेच्याच इतिहासाला सोडून आहे.

हा इतिहास कुठून वाचायचा? गावाच्या वेशीवरची कमान किंवा चौथऱ्यावरची बंदूक त्याबद्दल फारसे सांगत नाही. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने गावोगाव संगमरवरी पाट्या बसवल्या. त्यांवर मजकूर ठरलेला: या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या पाटीवर मृतांचा आकडा ४६ आहे. पाटीवर दोनच आकडे असतात. नाव नसते आणि परत आलेल्यांचे पुढे काय झाले याचा तर प्रश्नच नसतो. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाने 'सैनिक' हा शब्द आपल्या नावापुढेच लावून घेतला. सैनिक टाकळीचे नाव जिल्ह्यात अभिमानाने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. पण जे गेले त्यांचा मान पाटीने राखला. जे हातात कागद घेऊन परत आले त्यांचे काय, हा प्रश्न संघटनेच्या वाट्याला आला. तिचा इतिहास म्हणून सभासद नोंदवहीत शोधावा लागतो. नाव, नंबर, हुद्दा, पलटण, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख, पीपीओ नंबर, असे रकाने या वहीत आखलेले असतात. ज्या गावात जुनी वही शिल्लक आहे तिथे ती उघडावी आणि शेवटचा रकाना वरून खाली वाचत यावे. पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश. तो रकाना कोणाकोणाच्या नावापुढे कोरा आहे, हे पाहिले की निम्मा वाद मिटतो.

कोरा का, ते नियमातच आहे. जवानाला सेवा-पेन्शन मिळायची तर १५ वर्षांची सेवा लागते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कूतच्या वेढ्यात सापडलेल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणींची जागा भरून काढायला पुढच्या दोन वर्षांत जी पोरे भरती झाली, ती १९१९-२० मध्ये मोकळी झाली. त्यांची सेवा किती भरली? दोन-तीन वर्षे, फार तर चार. दुसऱ्या महायुद्धात भारतीय फौज २५ लाखांपर्यंत वाढली आणि युद्ध संपताच झपाट्याने कमी केली गेली. १९४० नंतर भरती झालेला, उत्तर आफ्रिका, इटली किंवा ब्रह्मदेश पाहून आलेला माणूस १९४६ साली पाच-सहा वर्षांची सेवा, युद्धातली ग्रॅच्युइटी, एखाद-दुसरे पदक आणि डिस्चार्ज बुक घेऊन कोल्हापूरच्या स्टेशनावर उतरला. त्याच्या नावापुढे पीपीओ नंबर येणार कुठून? इटलीत १० जुलै १९४४ रोजी एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर चालून जाऊन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे वीरगतीला गेले तेव्हा २२ वर्षांचे होते. चार वर्षांत कसला फौजी होतो, असे विचारणाऱ्याने हे वय लक्षात ठेवावे.

पेन्शन नसलेल्यांची ही रांग महायुद्धाबरोबर संपली नाही. साठ आणि सत्तरच्या दशकांत कित्येक जवानांची भरती 'सात वर्षे पलटणीत, आठ वर्षे राखीव' अशा अटीवर झाली. सात वर्षांनी तो घरी यायचा आणि पुढची आठ वर्षे राखीव दलात त्याचे नाव राहिले तरच १५ वर्षांचा हिशेब जुळून राखीव दलाची तुटपुंजी पेन्शन मिळायची. मध्येच नाव कमी झाले, की हातात काही नाही. ज्याने स्वतःहून नाव कापून घेतले त्याचे समजू शकतो. पण पलटणीची गरज संपली म्हणून ज्याला घरी पाठवले, त्याची चूक कोणती? अशा माणसांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, काहींनी न्यायाधिकरणापर्यंत धाव घेतली. ते अर्ज लिहिले कोणी? गावातला एखादा निवृत्त हवालदार क्लार्क, संघटनेचा सचिव म्हणून, तालुक्याच्या गावी टाइप करून आणायचा आणि रजिस्टर पोस्टाची पावती वहीला टाचायचा. पेन्शन असलेल्याने पेन्शन नसलेल्यासाठी लिहायचे, हाच या संघटनांचा मूळ व्यवहार. आज त्यांना तशाच माणसाला दार लावायचे आहे.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे येतो. तो सगळ्यांत वजनदार आहे आणि तो मांडणारी माणसेही जबाबदार आहेत. आजच्या अटींप्रमाणे अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही. त्याला ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड नाही, कॅन्टीनची सवलत नाही. मिळतो तो एकरकमी सेवानिधी, व्याजासह साधारण ११.७१ लाख रुपये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून मिळणारे माजी सैनिकाचे ओळखपत्र त्याला मिळत नाही. मग अशा माणसाला सभासद केले तर संघटनेच्या शिक्क्याला कार्यालयात कोण विचारणार? हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. पण तो विचारताना एक गोष्ट विसरली जाते. 'माजी सैनिक' ही शासकीय व्याख्या दगडावरची रेघ कधीच नव्हती. सेवामुक्तीच्या तारखेप्रमाणे ती बदलत आली आहे. ३० जून १९६८ पर्यंत सेवामुक्त झालेल्यांसाठी सेवेचा काळ कितीही असला तरी चालतो, गैरवर्तन वा अकार्यक्षमता या कारणाने काढलेले नसले म्हणजे झाले. पुढच्या काळातल्यांसाठी किमान सहा महिन्यांच्या सलग सेवेची अट आली. नंतर ती वाढत गेली आणि १ जुलै १९८७ नंतर व्याख्येचा मुख्य आधार पेन्शन झाला. म्हणजे ज्या शासनाकडे बोट दाखवून आपण अग्निवीराला नाही म्हणतो, त्याच शासनाने एके काळी काही महिन्यांच्या सेवेलाही माजी सैनिक म्हटले आहे. आजही पेन्शनशिवाय, केवळ ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर पडलेला शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा अधिकारी माजी सैनिक गणला जातो. अधिकाऱ्याला पेन्शनशिवाय जो मान मिळतो तो जवानाला का नाही, हा प्रश्न संघटनेने दिल्लीला विचारायचा की दिल्लीची भाषा उचलून आपल्याच पोराच्या तोंडावर मारायची?

शिवाय सभासदत्व दिल्याने कोणाचा लाभ कमी होतो, हे एकेक करून पाहिले पाहिजे. राज्य शासनाच्या गट क आणि ड मधील १५ टक्के आरक्षण डिस्चार्ज बुक आणि शासकीय नियमांवर मिळते. गावच्या संघटनेच्या पावतीवर मिळत नाही. २०२० पासूनची मालमत्ता कराची माफी ग्रामपंचायत देते, तीही सैनिक कल्याण कार्यालयाच्या दाखल्यावर. वैद्यकीय सुविधा ईसीएचएसची, पेन्शन 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन व्यवस्थेची. यातला एकही लाभ संघटनेच्या यादीतून वाटला जात नाही, तर वाटेकरी वाढले म्हणून हिस्सा कमी होण्याची भीती कशाची? शिक्क्याची चिंता खरी असेल तर तिच्यावर साधा उपाय आहे. सभासद नोंदवहीत एक रकाना वाढवावा, 'शासकीय व्याख्येनुसार माजी सैनिक: होय / नाही', आणि संघटनेने दिलेल्या प्रत्येक पत्रात तेवढेच खरे लिहावे.

मग संघटना देते तरी काय? इथे थोडे थांबायला हवे, कारण बाहेरच्यांना आणि पुष्कळदा आतल्यांनाही या कामाची कल्पना नसते. एक नेहमीचे प्रकरण घेऊ. गावातला पेन्शनर वारतो. घरचे तेरा दिवसांच्या गडबडीत असतात. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांत व्हायला हवी आणि दाखल्यावरचे नाव डिस्चार्ज बुकातल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळायला हवे. ग्रामसेवकाने आडनाव घातले, पलटणीत मात्र नुसते नाव आणि वडिलांचे नाव होते, तर पहिली खोट तिथेच बसते. पुढच्या महिन्याची पेन्शन खात्यात जमा होते, मुलगा एटीएममधून ती काढतो आणि काही महिन्यांनी वसुली लागते, कारण पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतचीच असते. मग खरा अडथळा येतो, बाईंच्या नावाचा. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत. जवानाने लग्नाची नोंद पलटणीत केली तेव्हा माहेरचे नाव सांगितले असेल, तर पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे पलटणीच्या नोंदीच्या आदेशात, तेच चढते. आधार कार्डावर, रेशन कार्डावर, बँकेत सासरचे नाव. डिस्चार्ज बुकात सुमन आणि आधारवर मंगल, आणि कुटुंब पेन्शन मागायला आलेली सत्तरीची बाई एकच. तिने मग काय करायचे? दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करायचे, वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, मागितल्यास राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करायचा आणि हे सगळे रेकॉर्ड ऑफिसला पाठवून दुरुस्तीची वाट पाहायची. रेकॉर्ड ऑफिस तरी एक आहे का? मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, सिग्नलचे जबलपूरला. एकाच गल्लीतल्या पाच विधवांचे कागद पाच दिशांना जातात. कोणत्या ऑफिसला कोणता नमुना लागतो, कशाच्या किती प्रती लागतात, कोणत्या सहीवाचून कागद परत येतो, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. ते संघटनेच्या सचिवाच्या डोक्यात आणि त्याच्या जुन्या फायलींत असते.

सगळा कारभार 'स्पर्श'वर गेल्यापासून हे काम कमी झाले असे वाटेल; झाले आहे उलटेच. लॉगिनला जोडलेला मोबाइल नंबर पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा, ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो कामावर असतो. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. आयुष्यभर ऊसतोडीत, भांगलणीत घासलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, तिथे चेहरा ओळखणारे ॲप वापरावे लागते आणि ते हातात धरायला कोणीतरी तरणा लागतो. दाखला राहिला की पेन्शन थांबते. तरणा कोण आहे या संघटनांत? गावागावांतल्या कार्यकारिणीकडे नजर टाका. पंचाहत्तरीचे अध्यक्ष, सत्तरीचे सचिव. त्यांच्यामागे फायली कोण वाचणार? जे अग्निवीर येणार आहेत ते पंचविशीच्या आसपासचे असतील, संगणकाला सरावलेले असतील आणि पलटण, कंपनी, रेकॉर्ड ऑफिस हे शब्द त्यांना समजावून सांगावे लागणार नाहीत.

आणि त्यांनाही या दप्तराची गरज पडणार आहे, पेन्शनरापेक्षा जास्त. पेन्शनरामागे निदान एक यंत्रणा आहे. अग्निवीर बाहेर पडतो तो एकरकमी पैसा आणि एक प्रमाणपत्र घेऊन. सेवानिधीवर प्राप्तिकर नाही, आयकर कायद्यात त्यासाठी २०२३ साली तरतूद झाली. पण हे त्याला सांगणारे कोणी नसेल तर कोणी एजंट त्यातही आपले कमिशन काढेल. ११ लाख रुपये चोविसाव्या वर्षी हातात आले, की दामदुप्पटवाले, प्लॉटवाले, भरतीची अकॅडमी काढू म्हणणारे, जुना ट्रॅक्टर विकणारे सगळे त्याच आठवड्यात दारात येतात. सेवेत दुखापत झाली असेल तर आणखी नाजूक प्रकरण. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी अग्निवीराला टक्केवारीप्रमाणे एकरकमी मदत आहे: १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख. पण दुखापत झाली त्याच वेळी तिचा अहवाल झालेला नसेल आणि बाहेर पडताना वैद्यकीय मंडळापुढे ती नोंदली गेली नसेल, तर दोन वर्षांनी गुडघा निकामी झाल्यावर कोण मानणार? 'सुट्टीवर आलास की कागद दाखव,' असे त्याला पलटणीत असतानाच बजावणारा माणूस गावात हवा. वडीलधाऱ्या फौजींना ही वाट पाठ आहे. ती त्यांनी कोणाला शिकवायची, सभासद नसलेल्याला?

संख्येचाही एक आक्षेप घेतला जातो आणि तो मी मान्य करतो. समजा एका गावातून वर्षाला चार मुले भरती होतात आणि तीन परत येतात. दहा वर्षांत ही संख्या तीस होईल आणि तोवर जुने सभासद कमी झालेले असतील. संघटना तरुणांच्या हातात जाईल, एखादा पुढारी तिचा पंचायत निवडणुकीसाठी वापर करील, म्हाताऱ्यांनी पैसा पैसा करून जमवलेली ठेव उधळली जाईल. कोल्हापूर जिल्ह्यात सहकारी संस्था जवळून पाहिलेल्या माणसाला ही भीती पोरकट वाटणार नाही. साखर कारखाना असो की दूध संस्था, सभासद यादीवरून झालेली भांडणे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण त्याच संस्थांचा धडा नीट वाचला पाहिजे. त्या बुडाल्या त्या सभासद वाढल्यामुळे की यादी बंद ठेवल्यामुळे? ऊस घालणाऱ्याला सभासद करायचे नाही आणि ज्याच्या शेतात वर्षानुवर्षे उसाचे टिपरू नाही त्याचे मत मात्र टिकवायचे, असे जिथे झाले तिथे कारभार मूठभरांच्या हाती गेला. बंद यादी पुढाऱ्याला फार सोयीची असते. पंधरा मते सांभाळणे पन्नास सांभाळण्यापेक्षा सोपे. ठेवीची काळजी असेल तर मृत्यू साहाय्य निधीचे खाते वेगळे करावे, त्यावर ज्यांनी इतकी वर्षे वर्गणी भरली त्यांचाच हक्क ठेवावा आणि नव्या सभासदाला ठरावीक वर्षांच्या वर्गणीनंतर त्यात घ्यावे. सह्या दोघांच्या, त्यातला एक जुना सभासद. एवढ्याने ठेव सुरक्षित राहते. दार बंद करण्याची गरज पडत नाही.

तिसरा आक्षेप राजकीय आहे. योजना चुकीची आहे असे मानणारे म्हणतात, यांना सामावून घेतले तर चार वर्षांची नोकरी हीच रीत होऊन बसेल. योजनेबद्दल त्यांचे मत मला पटते. पेन्शनच्या आधारावर उभी राहिलेली या भागातली घरे पाहिली की चार वर्षांच्या करारात काय गमावले ते वेगळे सांगावे लागत नाही. पण योजनेचा राग मुलावर का? वन रँक वन पेन्शनसाठी, म्हणजे समान हुद्दा आणि सेवेला समान पेन्शन मिळावी म्हणून, माजी सैनिकांनी २०१५ च्या जूनपासून जंतरमंतरवर धरणे धरले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये आदेश निघाला. त्या लढ्याचा फायदा ज्यांना झाला त्यात दिल्लीला कधीही न गेलेल्या विधवाही होत्या. कोणी त्यांना विचारले नाही की तू धरण्याला होतीस का. अग्निवीरांसाठी असाच लढा उभा करायचा असेल तर तो त्यांना बाहेर ठेवून कसा उभा करणार?

इथे एक जुने उदाहरण आठवते आणि ते मराठी मुलखातलेच आहे. १८८६ साली फौजेतून निवृत्त झालेले महार समाजातले गोपाळबाबा वलंगकर दापोलीला स्थायिक झाले. दापोली तेव्हा पेन्शनरांचे गाव होते. त्यांनी अनार्य दोषपरिहारक मंडळी काढली आणि महारांची सैन्यभरती बंद झाल्यावर १८९४ साली ती पुन्हा सुरू करावी म्हणून सविस्तर अर्ज लिहिला. वलंगकरांची स्वतःची पेन्शन चालू होती. भरती बंद झाल्याने त्यांच्या ताटातला घास कमी होत नव्हता; तोटा होता तो पुढच्या पिढीचा. पेन्शनराने आपल्या मागून येणाऱ्यासाठी लेखणी उचलली, हे या संघटनांच्या वंशावळीतले पहिले पान म्हणायला हवे. १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. चार वर्षांत मोडलेल्या त्या १९१७ च्या पलटणीतल्या जवानांना आज कोणी 'ते कसले फौजी' म्हणेल काय?

गावाने कायद्याच्या आधी पाऊल टाकावे का, अशीही शंका घेतली जाते. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा तसा कोणताही कायदा नव्हता. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे गावाने थांबवायचे ठरवले आणि मग त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करायला सांगणारे परिपत्रक काढले. हेरवाडचे उदाहरण संघटनांना आणखी एका अर्थाने लागू आहे. किती गावच्या माजी सैनिक संघटनांच्या नियमावलीत सैनिकाच्या विधवेला मत आहे? संघटनेची निम्मी कामे ज्यांच्यासाठी चालतात त्या बायका सभेला बोलावल्या जातात त्या सत्काराला, साडी-नारळ घ्यायला. अग्निवीराच्या निमित्ताने नियमावली उघडणारच आहोत तर ही चूकही त्याच सभेत दुरुस्त व्हावी.

नियमावली उघडायची कशी, हेही सांगायला हवे, कारण उत्साहात केलेले ठराव पुढे धर्मादाय कार्यालयात पडून राहतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या संघटनेत सभासदत्वाची अट साधारणपणे नियमावलीत असते. ती बदलायची रीत त्याच नियमावलीत दिलेली असते. तीच अट उद्देशपत्रात शिरलेली असेल, उदाहरणार्थ 'निवृत्तिवेतनधारक माजी सैनिकांचे कल्याण' असा उद्देश लिहिला असेल, तर कलम १२ ची वाट धरावी लागते. दहा दिवस आधी लेखी प्रस्तावासह नोटीस, विशेष सभेत तीन-पंचमांश मते आणि महिन्याभराच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तीन-पंचमांश. दुसरी सभा घ्यायची राहून गेली म्हणून ठराव बाद होतो, ही नेहमीची चूक. त्याआधी परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, ताजा उतारा काढून पाहावा. त्यावर विश्वस्त म्हणून वारलेल्या माणसांची नावे असण्याची शक्यता मोठी आहे, कारण पदाधिकारी बदलल्यावर ९० दिवसांत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली बदल अर्ज दाखल करायचा असतो आणि तो वर्षानुवर्षे राहून जातो. जुने बदल मंजूर नसतील तर आजच्या कार्यकारिणीने बोलावलेली सभाच उद्या कोणी बेकायदा ठरवू शकतो. अग्निवीरांना विरोध करणारा तर नक्कीच ठरवेल. हिशेबांची तपासणी थकली असेल तर तीही आधी पुरी करावी. नोटिसा हातपोच द्याव्यात आणि सही घ्यावी. व्हॉट्सॲपवर टाकलेली नोटीस पुढे वादात टिकेलच असे नाही.

आणखी एक काम त्याच आठवड्यात उरकून घ्यावे. जुनी सभासद नोंदवही, इतिवृत्ताच्या वह्या आणि टाचलेल्या पोस्टाच्या पावत्या यांचे पानोपानी फोटो काढून दोन ठिकाणी ठेवावेत. शिरोळ तालुक्याने २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले आहेत. वही भिजलीच तर उन्हात टाकू नये, चिकटलेली पाने ओली असताना ओढू नयेत. मध्ये कोरे कागद घालून ते बदलत सावलीत वाऱ्यावर वाळवावी. पीपीओचा रकाना कोरा असलेल्या त्या नावांचा दुसरा पुरावा बहुतेक गावांत शिल्लक नाही.

सभेपुढे ठेवायच्या कलमाचा मसुदा असा असावा: 'भारताच्या भूदल, नौदल वा वायुदलात कितीही काळ सेवा करून, गैरवर्तन वा अकार्यक्षमता याखेरीज अन्य कारणाने सेवामुक्त झालेली गावची कोणतीही व्यक्ती, तसेच दिवंगत सैनिकाची पत्नी वा पती, संघटनेचे पूर्ण सभासद होऊ शकतील.' व्यक्ती हा शब्द मुद्दाम वापरला आहे. अग्निवीरांत मुलीही आहेत. 'कितीही काळ' हे शब्द कोणाला खटकले, तर ते ३० जून १९६८ पर्यंतच्या सेवामुक्त सैनिकांसाठी केलेल्या शासकीय व्याख्येतलेच आहेत, असे सभेत वाचून दाखवावे.